चादरीची डावी घडी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिला फौजदारीण म्हणत. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे उघडून एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या, आणि ही एका हातात घास नि दुसऱ्या हातात गुप्तहेरकथांचं पुस्तक धरून भिंतीला टेकलेली असायची. घास तोंडाशी तसाच थांबलेला. कुणी हाक मारली तर म्हणायची, "थांब जरा, आता पकडतोय."

एकतीस वर्षं तिनं तिथं चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट धुतले, वाळवले, त्यांच्या घड्या घातल्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर सांगायची, "जो यायचा तो पहिल्या पानावरच ओळखू यायचा. पुढं वाचायचं कशाला?" नोकरी संपली तशी भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. कपड्यांची एक पेटी आणि पुस्तकांच्या चार. त्या चार पेट्या बघून वहिनीनं कपाळाला हात लावला. "वन्सं, एवढे खून घरात आणलेत, आता मला झोप कशी लागायची?" असं म्हणाली, आणि तासाभरात तिनं स्वतःचं एक फडताळ रिकामं करून दिलं. वहिनी देवाचं करणारी बाई. तिच्या मते देव सगळं बघतो, तेव्हा गुप्तहेराला पगार देण्यात अर्थ नाही. पण नणंदेला ती कधी टाकून बोलली नाही. टोमणे मारायची, ते प्रेमातले.

गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. दाराशी काचेची पेटी, पेटीत दर महिन्याला हातानं लिहिलेलं पत्रक, आणि गेली सात वर्षं त्या पत्रकाच्या एका कोपऱ्यात फौजदारणीचं सदर. जुनी एखादी गुप्तहेरकथा पुन्हा वाचायची आणि अजून टिकते का ते सांगायचं. तिच्या हातून फार थोड्या कथा जिवंत सुटल्या. शेवटच्या पानावर जुळा भाऊ आणणाऱ्या एका लेखकाला तिनं लिहिलं होतं, "आईला ठाऊक नसलेला मुलगा तुम्हाला बरा ठाऊक." भुयारांवर तर तिचा दातच होता. ज्याला दार सुचत नाही तो भुयार खणतो, असं तिचं म्हणणं. कुणालाच न कळणाऱ्या विषाबद्दल तिनं लिहिलं, की असलं विष खरंच मिळत असतं तर आमच्या धुलाईघरात मुकादम एक दिवसही टिकला नसता. लोक मूळ कथा न वाचताच तिची परीक्षणं वाचायला थांबायचे आणि काचेसमोर एकटेच हसायचे. ती मात्र हसवायला लिहीत नव्हती. तिला खरोखर राग यायचा. वाचकाला फसवायचं तर प्रामाणिकपणे फसवा, एवढी साधी गोष्ट शहाण्यासुरत्या माणसांना कळू नये याचा राग.

वाचनालयाला साठ वर्षं पूर्ण होणार होती. खास अंक निघणार होता, आणि तोही छापील. ग्रंथपाल म्हणजे हळू बोलणारा, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसणारा माणूस. त्यानं तिला बोलावून घेतलं.

"ताई, या वेळी शिव्या नकोत. तुमची सगळ्यात आवडती कथा घ्या आणि पोटभर कौतुक करा. समारंभाचा अंक आहे."

"आवडती आहे एक. पण तिच्यावर आजवर लिहिलं नाही."

"का बरं?"

"देवाला कुणी गुण देतं का?"

ती कथा तिनं चौदाव्या वर्षी पहिल्यांदा वाचली होती, कव्हर गेलेल्या एका मासिकात. पुढं ती कथा असलेलं पुस्तकही तिनं मिळवलं. लेखकाचं नाव आता कुणाला सांगून कळायचं नाही. एक मोठं घर, घरात एक श्रीमंत म्हातारी, म्हातारीचं लॉकेट. भल्या मोठ्या जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी लॉकेट नाहीसं होतं. पाहुणे एकमेकांवर संशय घेतात, जावई रंगेहाथ सापडल्यासारखा घाम पुसतो. मग गुप्तहेर येतो. तो कुणाला काही विचारत नाही. सरळ कपड्यांच्या कपाटापाशी जातो, वरचा टेबलक्लॉथ काढतो, आणि घडीच्या आतून लॉकेट खाली पडतं. सगळे थक्क. गुप्तहेर घडीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "ही घडी डावीकडून घातली आहे. कापड खोटं बोलत नाही." आणि दाराशी उभी असलेली, डाव्या हातानं चहा ओतणारी मोलकरीण पांढरीफटक पडते. संपली कथा.

चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावर काटा आला होता. एवढंसं कापड आणि त्याच्यावरून माणूस ओळखायचा. पुढं ती धुलाईघरात कामाला लागली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिला मात्र मनातून वाटायचं, की आपण बरोबर जागी आलो, जिथं सगळं कापडच बोलतं.

मंगळवारी दुपारी ती परीक्षणासाठी ती कथा पुन्हा वाचत बसली. कितवी वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताशी कागद घेऊन एकेक वाक्य टिपत होती. पहिल्याच पानावर ती अडखळली. जेवणाच्या टेबलाला चोवीस माणसं बसली होती. हे तिनं आजवर शंभरदा वाचलं असेल, पण ते नुसतं घर श्रीमंत आहे हे सांगणारं वाक्य म्हणून. तिनं कागदावर लिहिलं, "चोवीस." का लिहिलं ते तिला कळलं नाही.

तेवढ्यात अंगणातून वहिनी वाळलेले कपडे घेऊन आली.

"वन्सं, जरा हे टोक धरा. डबल बेडची आहे, एकटीला आवरत नाही."

फौजदारीण पुस्तक उपडं ठेवून उठली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. एक झटका देऊन चादर ताणली, मग काठाला काठ जुळवला. तिचा उजवा हात डाव्याकडे गेला, आणि समोर वहिनीचा डावा हात उजव्याकडे. ती तिथंच थांबली.

"ओढा की," वहिनी म्हणाली.

"वहिनी, ही घडी डावी की उजवी?"

"म्हणजे?"

"मी घातली ती उजवीकडून. तुम्ही?"

वहिनीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "माझ्याकडून डावीकडून झाली. पण घडी एकच ना? दोघींनी घातलेल्या घडीला कसला आलाय हात?" मग तिनं नणंदेच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं हो? बसा बघू आधी."

ती बसली नाही. चादर तशीच वहिनीच्या हातात सोडून मागच्या खोलीत गेली, पुस्तक उचललं आणि भिंतीवर फेकून मारलं. चाळीस वर्षं कागदाचं कव्हर घालून जपलेलं पुस्तक. त्याचा कणा मधोमध उलला आणि पानं फरशीवर पसरली. वहिनी दारात आली आणि वाकून एकेक पान गोळा करू लागली.

राग कथेवर होता, पण कथेपुरता नव्हता.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सर्जनचं घड्याळ कोटाच्या खिशातून धुलाईघरात आलं आणि नाहीसं झालं. दोन दिवस शोधाशोध झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळवणखोलीच्या कपाटात, ऑपरेशन थिएटरच्या चादरींच्या थप्पीत, एका चादरीच्या घडीच्या आत ते सापडलं. म्हणजे कुणीतरी लपवलेलं. मुकादमानं अकरा बायकांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की जिचं काम असेल तिनं पुढं यावं, नाहीतर पोलिसांना बोलावतो आणि अकराजणींना नेतो. एक बाई रडायलाच लागली.

तेव्हा फौजदारीण रांगेतून पुढं झाली. "चादर उलगडू नका. तशीच राहू द्या," ती म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. तिनं चादर हातात घेतली, घडीवरून बोट फिरवलं, आणि सगळं धुलाईघर श्वास रोखून बघत असताना म्हणाली, "ही घडी डावीकडून घातली आहे."

अकराजणींत डाव्या हाताची एकच होती. तेवीस वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी लागलेली, घड्या घालण्यात सगळ्यांच्या पुढं. तिला डावरीच म्हणायचे. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. डावरी घाबरली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "एवढ्या चादरीची घडी मी एकटीनं कशी घालीन?"

आणि फौजदारीण हसली होती. तेही हसू पुस्तकातलंच. "कापड खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

मुकादमाचं काम झालं. पोलीस टळले, दहा बायका सुटल्या. डावरीला तासाभरात घरी पाठवलं, हातात कागद देऊन. कामावरून कमी, कारण चोरी. फौजदारीण हे नाव आधी चेष्टेनं घेत, त्या दिवसापासून मानानं घेऊ लागले. आणि गंमत अशी, की थिएटरच्या चादरीची घडी दोघींशिवाय पडत नाही हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. तेरा वर्षं ती रोज शंभर-शंभर घालत होती. हातांना ठाऊक होतं. डोकं गोष्टीत होतं.

त्या मंगळवारी ती जेवली नाही. रात्री वहिनीला तिनं डावरीचं सगळं सांगितलं. बुधवारी दिवसभर लिहीत बसली. आठ पानं झाली. लेखक आळशी होता, लेखकानं जन्मात कधी स्वतःच्या कपड्यांची घडी घातली नव्हती, चोवीस माणसांचा टेबलक्लॉथ एकट्या मोलकरणीच्या हाती देणाऱ्याला जेवायलाच वाढू नये. एकेक वाक्य असं, की कागदाला भोक पडावं. लिहून झाल्यावर तिनं ती पानं वहिनीपुढं टाकली.

वहिनीनं चष्मा लावून सगळी वाचली. तिला बराच वेळ लागला.

"छान झोडपलंय," ती म्हणाली. "कधी मेला हा?"

"कोण?"

"हाच, लिहिणारा."

"झाली असतील साठ-सत्तर वर्षं."

"मग त्याला काही लागायचं नाही." वहिनीनं पानं सारखी करून परत दिली. "त्याच्यावर आठ पानं लिहिलीत. त्या पोरीवर किती?"

"वहिनी, तुम्ही देवाचं सांगू नका मला आता."

"देवाचं कुठं सांगते? देव काय, बसलाय तिथं बसलाय. ती पोर कुठं असते ते सांगा."

फौजदारणीला ते ठाऊक होतं. नेहमीच ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या दोन स्टॉप पुढं, औषधांच्या दुकानाला लागून इस्त्रीचं दुकान. नोकरीत असताना रोज बस त्याच्यासमोरून जायची. चोरालाही पोट असतंच, असं म्हणून तिनं तेव्हा स्वतःला फार मोठ्या मनाची समजून घेतलं होतं. आता ते आठवलं, आणि तिला आपल्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

गुरुवारी सकाळी ती गेली. दुकान म्हणजे एक शटर, एक लांब टेबल आणि मागं कप्प्याकप्प्यांत चिठ्ठ्या लावलेले गठ्ठे. डावरीचे केस कानापाशी पिकले होते. डाव्या हातात इस्त्री, टेबलावर कुणाचा तरी पांढरा शर्ट. तिनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा शर्टाकडे वळली.

"कपडे कुठं आहेत?"

"कपडे नाही आणले."

"मग?"

"ओळखलं नाहीस का मला?"

"ओळखलं. म्हणून तर विचारते. दुसरं काही काम तुझं माझ्याकडे असायचं कारण नाही."

फौजदारणीनं घरून निघताना चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. "त्या चादरीची घडी एकटीनं पडत नाही," ती म्हणाली. "दोघींनी घातली की तिला डावं-उजवं राहत नाही. माझं चुकलं."

डावरीनं शर्टाची कॉलर उलटली, दाबली, पुन्हा सुलटी केली. "हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी." ती हसली, पण त्या हसण्यानं कुणाला बरं वाटलं नसतं. "मला त्याच दिवशी सकाळी माहीत होतं. विचारलंही होतं मी. काय विचारलं होतं सांग बघू."

"एवढ्या चादरीची घडी मी एकटीनं कशी घालीन."

"आणि तू काय म्हणालीस?"

"कापड खोटं बोलत नाही."

"ते कुठलं होतं गं? एरवी तू अशी बोलायची नाहीस. मी खूप दिवस विचार करत होते, हिच्या तोंडात हे आलं कुठून."

"एका गोष्टीतलं."

डावरीनं इस्त्री उभी केली. "गोष्टीतलं?"

"हो."

"म्हणजे माझी नोकरी गोष्टीत गेली." तिनं शर्टाकडे बघितलं, जणू त्यालाच सांगत होती. "मला वाटायचं, हिचा माझ्यावर राग असेल. मी कामात पुढं जायचे म्हणून. रागानं केलं असतंस तर समजलं असतं मला. राग धरणारी माणसं पुष्कळ बघितली."

"राग नव्हता गं तुझ्यावर."

"तेच म्हणते मी. राग सुद्धा नव्हता. त्या कागदानंतर दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत गेले कामाला. दोन्हीकडे तिथल्या माणसांनी फोन करून विचारलं आणि दोन्हीकडून मला जा म्हणाले. तू तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत असशील."

फौजदारीण उभीच होती. बस कुणी म्हणालं नव्हतं. "वाचनालयाचा अंक छापून निघतोय. त्यात सगळं लिहिते. माझ्या नावानिशी, तुझ्या नावानिशी."

"खबरदार." आवाज चढला नाही, पण रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला. "माझं नाव घालशील तर बघ. ही गल्ली मला इस्त्रीवाली म्हणून ओळखते. चोरीबिरी त्यांना ठाऊक नाही. तू जाहीर धुवायला काढशील, म्हणजे आधी डाग सगळ्यांना दाखवशील. गोष्टीला शिव्या द्यायच्या तेवढ्या दे, तो तुझा धंदा आहे."

"मग काय करू?"

"जिथं बोललीस तिथं बोल. त्याच खोलीत, त्यातल्या ज्या उरल्या असतील त्यांच्यासमोर. आणि मी असताना बोल. मी तेव्हाही होते." तिनं इस्त्री पुन्हा उचलली. "आता जा. दहाला गिऱ्हाईक येतं."

घरी आल्यावर फौजदारणीनं आठ पानं फाडली आणि अर्ध्याच पानात परीक्षण लिहिलं. ग्रंथपालानं ते वाचलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पुन्हा वाचलं.

"ताई, मी कौतुक मागितलं होतं."

"जेवढं होतं तेवढं केलंय. भाषा चांगली आहे असं लिहिलंय की."

"आणि हे? 'या कथेत मोलकरीण एकदाही बोलत नाही. लेखकानं तिला एक वाक्य बोलू दिलं असतं, तर गुप्तहेराला निमूट घरी जावं लागलं असतं.' समारंभाच्या अंकात असं कुठं लिहितात का? लोक उत्साहानं येणार."

"येऊ देत. छापायचं तर हेच छापा. नाहीतर ती जागा कोरी सोडा, मी काचेच्या पेटीवर चिकटवते."

त्या हळू बोलणाऱ्या माणसानं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि पान छापायच्या गठ्ठ्यात ठेवलं.

हॉस्पिटलच्या ऑफिसात तिनं डावरीची फाइल मागितली. कारकुनानं वही बघून सांगितलं, की पंधरा वर्षांपेक्षा जुने कागद केव्हाच नष्ट केले. "तुमचं चांगलंच झालं ना ताई, आता काही पुरावाच नाही." तिला त्याचा इतका संताप आला, की ती तडक बाहेर आली. पुरावा नष्ट झाला होता हॉस्पिटलापुरता. डावरीपाशी तिची प्रत होतीच.

धुलाईघरात आता मोठी यंत्रं होती, मुकादमाच्या जागी तरुण सुपरवायझर बाई होती. तिनं जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं दिली. अकराजणींतल्या चौघी उरल्या होत्या. बाकीच्या नव्या मुली काहीतरी मजा आहे असं समजून डबे घेऊन जवळ सरकल्या. फौजदारणीनं निरोप धाडला होता, तशी डावरी दाराशी येऊन उभी राहिली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. आत आली नाही.

थिएटरच्या चादरींची घडी अजून दोघीच घालत होत्या. ते काम काही यंत्राला जमलं नव्हतं. फौजदारणीनं थप्पीतली एक चादर उलगडली आणि जवळच्या नव्या मुलीला समोर उभं केलं. दोघींनी घडी घातली. मग घडी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "माझ्या बाजूनं बघा, उजवी. हिच्या बाजूनं बघा, डावी. सव्वीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मी एका मुलीला चोर ठरवलं. या घडीवरून ठरवलं. घडीवरून काही ठरत नव्हतं. ती चोर नव्हती. तिनं मला विचारलं होतं, तरी मी ऐकलं नाही."

मग ठेंगणी पुढं आली. चौघींतली सगळ्यात जुनी, फौजदारणीबरोबर एका डब्यात जेवलेली. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता कशाला गं उकरून काढतेस? आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"हेच. घडीचं. इथं काम करणाऱ्या कुणाला कळायचं नाही? घरी जाताना आम्ही बोललोही होतो."

फौजदारणीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं उरलेल्या तिघींकडे बघितलं. एकीनं डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते आधीच लागलेलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मुकादम म्हणाला असता, तर मग तूच सांग कोण. अकराजणींना नेणार होता. माझी लेक तेव्हा पाळण्यात होती." ठेंगणीनं पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "आणि तू अशी उभी होतीस, चादर हातात धरून. आमच्या मनात आलं, आपल्याला चादरीतलं कळतं, पण हिला त्याच्या पलीकडचं काही कळत असेल. पुस्तकं वाचते."

एकतीस वर्षांच्या नोकरीत फौजदारणीनं त्या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. "पुस्तकं वाचते म्हणून? रोज माझ्यासमोर उभं राहून दुसरं टोक धरणारी तू, आणि तुझ्या हातांपेक्षा माझं पुस्तक खरं? मी मूर्ख होते, कबूल. तुम्ही नऊजणी शहाण्या होतात ना?" तिनं टेबलावर हात आपटला. "एकीनं म्हणायचं होतं गं. एकीनं म्हटलं असतं, बाई, वेडी झालीस का, तर मी थांबले असते."

"थांबली असतीस?" दारातून डावरी म्हणाली.

सगळ्या वळल्या. फौजदारणीनं विचार केला. खोटं बोलायला ती जागा नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

डावरी आत आली. तिनं पिशवीतून कागद काढला, घड्यांवर विरलेला, आणि टेबलावर चादरीशेजारी ठेवला. "माझ्याकडे हा एवढाच आहे. तुमच्याकडचा तर जाळलात म्हणे."

"आता जे बोललं गेलं ते याच्या मागं लिहिते, तुम्ही सह्या करा," फौजदारणीनं ठेंगणीला आणि बाकीच्या तिघींना सांगितलं. "आम्हाला तेव्हाच माहीत होतं, हे पण."

सुपरवायझर चुळबुळली. "बाई, याला ऑफिसात काही किंमत नाही हो. आणि माझी सही घेऊन काय उपयोग, मी तेव्हा शाळेत होते."

"किंमत नाहीच. पेन आहे ना?"

कागदाच्या मागच्या बाजूला फौजदारणीनं आधी स्वतः लिहिलं, चार ओळी, खाडाखोड न करता, आणि सही केली. मग पेन ठेंगणीपुढं धरलं. ठेंगणीनं आधी त्या चार ओळी वाचून काढल्या. शेवटी तिनं सही केली, मग बाकीच्या तिघींनी. एक जण रडत होती. डावरीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती सह्या वाचत होती, एकेक नाव, सावकाश, ओठ हलवत. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली.

फाटकापर्यंत दोघी बरोबर चालल्या, कारण रस्ता एकच होता.

"चौघींनी सही केली," डावरी म्हणाली. "त्यांचाही राग येतोय मला आता. इतकी वर्षं तुझ्या एकटीचाच यायचा. सोपं होतं ते."

"माझा तसाच ठेव."

"तुला विचारून ठेवणार आहे का मी?" डावरीनं कागद पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड पिळून बंद केलं. "घड्याळ कुणी घेतलं होतं, ते कळलं का तुला?"

"नाही."

"शोधशील आता. तुला स्वस्थ बसवायचं नाही."

उरलेली नऊ नावं फौजदारणीच्या डोक्यात केव्हाच रांगेत उभी राहिली होती. मंगळवारपासूनच. कोण कोणासमोर चादर धरायची, थप्पी कुणी लावायची, किल्ली कुणाकडे असायची, सगळं तिला लख्ख आठवत होतं. आणि त्यांतलं एक नाव राहून राहून पुढं येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचंच नाव घेणार नाही मी."

डावरीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "बरं," ती म्हणाली, आणि तिची बस आली तशी धावत जाऊन चढली.